अंतरपाट निघताना

नव्वदच्या दशकात मी वसमतला एका सरकारी कचेरीत लिपिक होतो. आलेल्या कागदावर शिक्का, गेलेल्या कागदावर शिक्का. आठवडाभर हेच करून रविवारी घरी बसलो की मला करमत नसे. पेपर दोनदा वाचायचा, अंगणात येरझाऱ्या घालायच्या, स्वयंपाक झाला का म्हणून चारदा डोकवायचं. एकदा बायको वैतागून म्हणाली, "तुमच्या पायाला भिंगरी हाय. कुठंतरी कामाला तरी लागा, न्हाईतर मीच जाते माहेरी."

मी लागलो. बाजारातल्या फोटो स्टुडिओवाल्याने लग्नाच्या शूटिंगचा कॅमेरा आणला होता आणि रविवारच्या लग्नांना त्याला माणूस हवा होता. खांद्यावर घ्यायचं ते धूड पहिल्यांदा उचललं आणि वाटलं, आपण जन्मलो ते यासाठीच. अडचण एकच. सरकारी नोकराने परवानगीशिवाय असलं खाजगी काम करायचं नसतं, आणि परवानगी मागायची तर साहेबांपुढे उभं राहावं लागणार. त्यांच्यापुढे माझी बोबडी वळायची. म्हणून विचारलंच नाही. मांडवात शिरलो की आधी ओळखीचा चेहरा शोधायचो, मग नवरा-नवरी. सोमवारी कुणी सहज "काल कुठं होतात?" म्हटलं तरी मी दचकायचो. आधी रविवार रिकामा म्हणून जीव रमत नव्हता, आता भरला तर थाऱ्यावर राहिना.

अशात कुरुंद्याला दुपारच्या मुहूर्ताचं एक लग्न आलं. मी कॅमेऱ्याची वायर सोडवत होतो, तेवढ्यात नवरीची आई जवळ आली.

"भाऊ, आमच्यात पोरीचं लगीन आईनं पाहायचं नसतं. मंगलाष्टकं सरंपर्यंत मी मागं तुळशीला पाणी घालीत बसणार. अंतरपाट निघताना माझी लेक कशी दिसती, तेवढं बराबर घ्या. मग टीव्हीवर पाहीन."

"घेतो की मावशी, काळजी करू नका," मी ऐटीत म्हणालो.

मंगलाष्टकं सुरू झाली. नवरीचा चेहरा नेमका दिसेल अशी जागा धरून मी उभा होतो. शेवटचं चालू असताना कॅमेऱ्यातून डोळा काढून सहज समोर पाहिलं, तर मुठीत अक्षता धरून आमचे साहेब. नवऱ्याकडचे पाहुणे म्हणून आलेले. मी गर्रकन पाठ फिरवली. दुसरं काही सुचलंच नाही. "सावधान" झालं, बँड वाजला, अक्षता माझ्या मानेवर पडल्या. वळलो तेव्हा हारसुद्धा घालून झाले होते. नवरीच्या मामाला हळूच म्हणालो, अंतरपाट पुन्हा एकदा धरता का? त्याने डोळे वटारले. "खुळे झाले का? लगीन काय दोनदा लावतेत व्हय?"

सोमवारी साहेबांनी बोलावलं. मी आत गेलो.

"शूटिंग छान करता वाटतं? रीतसर अर्ज द्या, म्हणजे प्रश्न नको. आणि आमच्या पुतणीचं लग्न आहे, तेही तुम्हीच करा."

सुटलो म्हणून हायसं वाटायला हवं होतं. मला मात्र स्वतःची इतकी चीड आली की बाहेर येऊन तीन कागदांवर चुकीचे शिक्के मारले.

कॅसेट द्यायला मी स्वतःच कुरुंद्याला गेलो. नवरीच्या आईने भाड्याने व्हीसीआर आणून ठेवला होता. ती टीव्हीच्या अगदी पुढ्यात बसली. मंगलाष्टकं झाली, "सावधान" ऐकू आलं आणि पडद्यावर मांडवाचं कापड हललं. मग कुणाच्या तरी चपला दिसल्या. मग एकदम हार घातलेली लेक.

"मागं घ्या बरं," ती म्हणाली. "मशीन पुढं सरकली वाटतं."

मी मागं घेतलं. पुन्हा कापड. तिने तिसऱ्यांदा सांगितलं तेव्हा माझ्याने राहवेना. साहेब, परवानगी, माझी भीती, सगळं सांगून टाकलं आणि हात जोडले.

ती रागावली असती तर बरं झालं असतं. टीव्हीवरची नजर न काढताच तिने विचारलं,

"म्हंजे तुमी बी पाह्यलं न्हाई?"

"न्हाई, मावशी."

"मला पाठ करून बसावंच लागतंय, भाऊ. तुमाला तर पाहायलाच उभं केलं व्हतं."