रविवारचा इजिप्तचा तास

माझे बाबा तालुक्याच्या गावी हायस्कूलमध्ये शिपाई होते. घंटा वाजवायची, सरांना पाणी द्यायचं, आणि इतिहास-भूगोलाच्या तासाला कपाटातून नकाशा काढून वर्गात टांगायचा. तास संपला की तो गुंडाळून परत न्यायचा. मधली पस्तीस मिनिटं ते वर्गाच्या दाराबाहेर उभे असायचे. परत न्यायचाच आहे तर कशाला लांब जायचं, असं सांगायचे. खरं म्हणजे ऐकत असायचे. अशी वीसेक वर्षं त्यांनी दाराबाहेर उभं राहून इतिहास ऐकला, आणि त्यात इजिप्तचा धडा त्यांचा सगळ्यात लाडका. जेवताना सांगायचे, तिथली नदी खालून वर वाहते, म्हणजे दक्षिणेकडून उत्तरेला. राजा मेला की त्याच्याबरोबर त्याच्या चपलासुद्धा ठेवायचे, पुढे चालायला लागतील म्हणून.

मी नववीत शाळा सोडली. आई अंथरुणाला खिळली होती, भाऊ लहान होता, घरात कुणीतरी राहायला हवं होतं. ते कुणीतरी म्हणजे मी, हे कुणी बोलूनसुद्धा दाखवलं नाही. आमचं घर शाळेपासून इतकं जवळ की घंटा स्वयंपाकघरात ऐकू यायची. बाबाच वाजवत असायचे. आमच्या दोघांत ह्या विषयावर कधी एक शब्द झाला नाही.

पुढे आई गेली, आणि माझं लग्न झालं ते कॉम्प्युटर इंजिनियरशी. मी आईचं कसं केलं हे सासूबाईंनी बघितलं होतं, तेवढ्यावर त्यांनी मला पसंत केलं. नवऱ्याने आजतागायत माझं शिक्षण काढलेलं नाही. ह्या दोघांचे उपकार मी विसरत नाही. त्याच्या नोकरीमुळे आम्ही ऑकलंडला आलो. तो माउंट वेलिंग्टनच्या ऑफिसात, आणि मी ईस्ट टामाकीला एका कारखान्यात, गोळ्यांच्या बाटल्या खोक्यात भरायच्या कामावर. आमची सुपरवायझर टोंगा बेटांवरची, एक टोंगन बाई होती. माझं इंग्रजी कच्चं म्हणून ती प्रत्येक गोष्ट मला दोनदा सांगायची आणि वर हसून 'स्वीट अॅज' म्हणायची, म्हणजे तिकडचं 'झकास'. मी मुळात घाबरट. दोनदा सांगितलेलंही तिसऱ्यांदा विचारायची.

लेक नऊ वर्षांची असताना तिला शाळेत इजिप्तवर प्रोजेक्ट आला. त्या रविवारी मी नेहमीसारखा दुपारी दोनला फोन लावला. तिकडे सकाळचे साडेसात. फोनकार्डाचे आकडे दाबून लाइन लागली आणि मी लेकीच्या हातात रिसीव्हर दिला, "आजोबांना विचार," म्हणून. तिला मराठी सगळं कळतं, उत्तर मात्र इंग्रजीत. मध्ये बसून मी दोन्हीकडचं सांगत राहिले. अर्ध्या तासाने ती म्हणाली, "आई, ही नोज मोअर दॅन माय टीचर."

हे मी बाबांना सांगितलं. ते म्हणाले, "नकाशा टांगून टांगून हात दुखले बघ. पण खरं कसं दिसतं कोण जाणे."

फोन ठेवल्यावर मी नवऱ्याला म्हटलं, "डिसेंबरात आपण गावी जाणारच आहोत. तिथून बाबांना घेऊन इजिप्तला गेलो तर?"

तो म्हणाला, "जाऊ की." एवढंच. जणू मी सँडरिंगहॅमला भाजी आणायला जाऊ या म्हटलं होतं.

सँडरिंगहॅमलाच गेलो, पुढच्या शनिवारी. मिठाईच्या दुकानाच्या वरच्या मजल्यावर एक गुजराती भाई तिकिटं काढून द्यायचे. त्यांनी मुंबईहून कैरो, आठ दिवस, असा बेत आखून दिला. मी त्यांना इतके प्रश्न विचारले की शेवटी त्यांनी खालून चहा मागवला. पाणी कसलं मिळतं? बस पिरॅमिडच्या किती जवळ थांबते? म्हाताऱ्या माणसाला शुगर असेल तर जेवणाचं काय? ते म्हणाले, "बेन, तमे चिंता नका करू. तिथे चार हजार वर्षं सगळं उभं आहे, तुमचे बाबा पण उभे राहतील."

पण मी चिंता केली. एक दोनशे पानी वही आणली. लायब्ररीतल्या बाईंनी मला लहान मुलांच्या कपाटातलं पुस्तक काढून दिलं, माझा अपमान होणार नाही अशा बेताने. म्हणाल्या, ह्यात चित्रं चांगली आहेत. मी डिक्शनरी शेजारी ठेवून रोज दोन पानं वाचायची आणि वहीत मराठीत उतरवायची. दिवस पहिला, दिवस दुसरा असं. कुठे किती पायऱ्या, कुठे सावली, कुठे थडग्यात वाकून उतरावं लागतं. आणि रविवारी दोन वाजता ते बाबांना वाचून दाखवायची.

बाबा मध्येच अडवायचे. "थांब. तो खांबांचा मोठा दिवाणखाना, तो देवळात आहे की राजवाड्यात?"

"देवळात."

"मग दिवाणखाना कसा म्हणतेस? सभामंडप लिही."

मी खोडून सभामंडप लिहायची.

पासपोर्ट काढायला भाऊ त्यांना पुण्याला घेऊन गेला. फोटोत बाबा शाळेच्या तपासणीच्या दिवशी उभे राहायचे तसे, छाती काढून. पासपोर्ट आल्यावर मी नियम घातला, रोज चालायचं. डिसेंबरापर्यंत तीन किलोमीटर एका दमात व्हायला हवेत. दर रविवारी हिशोब द्यायचा.

"आज स्टँडापर्यंत गेलो," बाबा सांगायचे. पुढच्या रविवारी, "कॅनॉलपर्यंत." मी खोदून खोदून विचारायची, कारण मला माहीत होतं की ते कंटाळा करतील. वाटेत कोण भेटलं? कॅनॉलला पाणी आहे का? ते सगळं सांगायचे. पाणी सोडलंय, पण कचराच फार. दवाखान्यासमोरचं चिंचेचं झाड पाडलं. सायकलवाल्याने दुकानाला निळा रंग दिला, अगदी भडक. मला वाटायचं, किती बारकाईने बघतात.

भाईंनी विचारलं होतं, विमानतळावर व्हीलचेअर सांगू का? मी बाबांना विचारलं तर हसले. "मला कशाला खुर्ची? मी शिपाई माणूस, जन्मभर उभाच."

ऑगस्टात ओळखीचं एक जोडपं गावाकडे निघालं होतं. त्यांच्याबरोबर मी चालायचे बूट पाठवले. आठ नंबर, मऊ तळव्याचे. पुढच्या रविवारी विचारलं, "बसले का?"

"उजवा एकदम फर्मास."

"आणि डावा?"

"डावा जरा मोकळा आहे."

"मग दोन मोजे घाला त्यात."

"बघतो," म्हणाले. मागे भावाचं खोकणं ऐकू आलं. आता कळतं, ते खोकणं नव्हतं.

डिसेंबरात मी आणि लेक आधी निघालो. नवरा आठवड्याने मुंबईला भेटणार होता. घाबरट बाई, मी विमानतळावर चार तास आधी पोचले. तिकिटांच्या झेरॉक्स तीन ठिकाणी ठेवल्या होत्या, एक लेकीच्या दप्तरातसुद्धा. मुंबईला भाऊ एकटाच न्यायला आला. बाबा का नाही आले म्हटल्यावर म्हणाला, "एवढ्या लांब कशाला." घाट चढून वर आलो. गावाच्या अलीकडे एका टपरीवर त्याने गाडी थांबवली, चहा सांगितला, आणि कप हातात धरून म्हणाला, "अक्का, घरी गेल्यावर ओरडू नकोस. बाबांचा डावा पाय काढलाय. घोट्याच्या वर. जुलैत."

मी विचारलं, "मग कॅनॉलपर्यंत कोण जात होतं?"

पहिला प्रश्न मला हाच सुचला. आज त्याची लाज वाटते.

"मी," भाऊ म्हणाला. "दर रविवारी पहाटे. बाबा सांगायचे, जा, काय काय दिसतं ते नीट बघून ये, ती विचारणार. चिंच मीच बघितली पाडताना."

जुलैत मी त्यांना काय वाचून दाखवत होते? दिवस तिसरा. ते दवाखान्यातून बोलत होते आणि भावाने मोबाइल कानाला धरला होता. आवाज घुमतोय म्हटलं, तर म्हणाले नवीन पत्रे घातलेत.

"पण झालं कशाने?"

भावाने कप खाली ठेवला. मग म्हणाला, "पुण्याला जाताना नवी चप्पल घातली होती. पासपोर्टला जायचं म्हणून मुद्दाम घेतली. टाच सोलली. शुगर होतीच. तुला हे सांगायचं नाही अशी शपथ घातली होती त्यांनी. आता तू म्हण मला काय म्हणायचं ते."

मी काय म्हणणार? मागच्या वर्षी पॅकिंगच्या पट्ट्यात माझं बोट सापडलं होतं, सहा टाके पडले, ते मी तरी कुठे गावी कळवलं होतं. उगाच काळजी नको. आमच्याकडे परदेशातल्या माणसाला सुखाचंच सांगतात, आणि परदेशातलाही सुखाचंच सांगतो. पण ती चप्पल माझ्यामुळे घेतली गेली होती.

बाबा ओट्यावर खुर्चीत बसले होते. उजव्या पायात मी पाठवलेला बूट, नाडी नीट बांधलेली. डाव्या बाजूला लुंगी दुमडलेली. लेक आधी धावली, मग मध्येच थांबली. बाबांनी तिला जवळ घेतलं आणि माझ्याकडे न बघता म्हणाले, "प्रवास कसा झाला?"

मी आत गेले. कोनाड्यात डावा बूट दिसला. आत दुकानातला चुरगळलेला कागद तसाच होता.

दोन दिवस मी त्यांच्याशी नीट बोलले नाही. भाकरी वाढली, औषध दिलं, पण बोलले नाही. मला त्यांचा राग आला होता आणि स्वतःचाही, आणि तो राग एकाच ठिकाणी निघत होता. मोजून पंधरा दिवस होते माझ्या हातात. त्यातले दोन मी असे घालवले. त्याची भरपाई कुठे होत नाही.

तिसऱ्या दिवशी सकाळी त्यांनीच हाक मारली. "बाय, इकडे बस जरा. चपलेचं काही नाही. व्हायचं ते कशानेही झालं असतं."

"तुम्ही मला सांगायचं होतं, बाबा. मी बेत मोडला असता, पैसे पाठवले असते, आले असते."

"आली असतीस. म्हणूनच." ते लुंगीची कड सारखी करत राहिले. "तू नववीत असताना मी रोज घंटा वाजवायचो. सगळी पोरं आत जायची. माझी पोर घरी भाकऱ्या थापत असायची, आणि घंटा वाजवणारा मी. त्या घंटेचा आवाज तुला ऐकू जातो हे मला ठाऊक होतं. म्हणून मी हळू वाजवायला लागलो. हेडमास्तरांनी एकदा झापलं पण होतं, काय रे, जेवला नाहीस का म्हणून. आणि ह्या वर्षी तू दर रविवारी पुस्तक वाचून, लिहून, मला धडा सांगायला लागलीस. एक रविवार चुकवला नाहीस. आता पायाचं सांगून मी तो तास मोडू का? तूच सांग."

मी उठून त्यांना पाणी आणून दिलं.

"तू जा पोरीला घेऊन," ते म्हणाले. "बघून या. मला येऊन सांग."

मी नाही गेले. भाईंना फोन करून तिकिटं रद्द केली. ते 'अरेरे' म्हणाले आणि पुढे काही विचारलं नाही, ह्यासाठीही मी त्यांची आभारी आहे. नवरा मुंबईहून थेट गावी आला. येताना त्याने बाबांसाठी कुबड्या आणल्या, कैरोचं नावही काढलं नाही.

ज्या दिवशी आमचं विमान जायचं होतं त्या दिवशी सकाळी बाबांनी विचारलं, "आज कुठे?" मी वही काढली. दिवस पहिला. ओट्यावर बसून मी वाचलं, लेक चित्रं दाखवत होती. शेजारची दोन पोरंही येऊन बसली. बाबांनी एका पायावर उभं राहून, भिंतीला धरून, लेकीने प्रोजेक्टसाठी काढलेला नकाशा खिळ्याला टांगला. कुणाला हात लावू दिला नाही. असे सात दिवस गेले. आठव्या दिवसाच्या सकाळीच आमची परतीची गाडी होती, पान वाचायचं राहिलं.

"राहू दे," बाबा म्हणाले. "रविवारी फोनवर वाच."

रिक्षा आल्यावर ते कुबड्यांवर उभे राहिले. बसा म्हटलं तरी बसले नाहीत. रिक्षा शाळेच्या वळणावर वळेपर्यंत ते उभेच होते.

रविवारी फोन केला तर म्हणाले, "आज नको. आज नुसतं बोल." पुढच्या रविवारीही तेच. त्यानंतर एकदा मीच म्हटलं, बाबा, आठवा दिवस राहिलाय. तर म्हणाले, "असू दे की. एवढा संपला तर पुढच्या रविवारी काय करायचं?" मग मीही विषय काढला नाही. जूनमध्ये, मी पट्ट्यावर बाटल्या भरत असताना, सुपरवायझरने येऊन माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि ऑफिसात फोन आहे म्हणाली. ह्या वेळी तिने एकदाच सांगितलं.

बाबा गेल्यानंतरच्या पुण्यानुमोदनाच्या विधीला मी पोचले तेव्हा भावाने दोन्ही बूट धुऊन ओट्यावर ठेवले होते. कुणाला द्यायचे ते त्याला कळत नव्हतं. मलाही कळलं नाही.

वही माझ्याकडे आहे. आठव्या दिवसाचं पान मी कुणालाच वाचून दाखवलेलं नाही. त्यावर फारसं काही नाही. सकाळी म्युझियम, तीन तास. राजाच्या चपला दुसऱ्या मजल्यावर, बाबांना दाखवणे. आणि खाली, पेन्सिलीने: आत बसायला बाकं आहेत का, भाईंना विचारणे.