अर्ध्यावरचं लिंबू

विदुलानं माझ्याशी पहिलं वाक्य बोलायच्या आधी मला मारलं होतं. मालाडच्या त्या अॅप बनवणाऱ्या ऑफिसात मी नवीनच रुजू झाले होते आणि टेबलावर फोन ठेवून माझं काम सगळ्यांना दाखवत होते. काम साधंच होतं. पडद्यावरचं एक चित्र बोटानं उचलायचं, ओढत न्यायचं आणि दुसऱ्या चौकटीत सोडायचं. चित्र झोकात उचललं जात होतं, चौकट जवळ आली की हिरवी होत होती, आणि मी मनातल्या मनात स्वतःची पाठ थोपटत होते. तेवढ्यात उजवीकडून एक हात आला आणि माझ्या मनगटावर सणसणीत बसला. फोन घसरून खाली पडला. एका बुटक्या, आखूड केसांच्या बाईनं तो उचलून माझ्या नाकासमोर धरला. चित्र मधेच लटकलं होतं आणि आता कुठंही बोट लावलं तरी ढिम्म हलत नव्हतं.

"बघ, वाट लागली," ती म्हणाली. "मी विदुला. तुझं सगळं मी तपासणार."

माझ्या डोळ्यांत पाणी आलं होतं. मीही काही गरीब गाय नव्हे. मी तिला म्हटलं, पुन्हा हात लावलास तर उलट बसेल. ती पहिल्यांदाच नीट माझ्याकडे बघून हसली आणि म्हणाली, चालेल, पण आधी हे दुरुस्त कर.

ओढण्याच्या या प्रकारात फोन आम्हाला चार गोष्टी कळवतो. बोट टेकलं, बोट हललं, बोट उचललं आणि चौथी म्हणजे रद्द. मधेच कुणाचा कॉल आला, चुकून तळवा टेकला, की फोन आपणहूनच ते ओढणं रद्द करतो. बहुतेक जण पहिल्या तिन्हींची सोय करतात आणि चौथीला विसरतात. विदुला त्या चौथीवरच जगायची. चित्र अर्ध्यावर असताना ती मनगटावर मारायची, फोन हिसकावायची, भिंतीवर आपटायची, ओल्या हातानं ओढायची, एकदा तर तिनं आमच्या मॅनेजरच्या, अभिजितच्या, कोपराला गरम चहाचा कप टेकवला. ऑफिसात फुटक्या काचेच्या फोनचा एक अख्खा खण होता. कुणी 'झकास चाललंय' असं म्हणालं की ती मनगटावरचं घड्याळ काढून बाजूला ठेवायची, आणि ज्याचं काम असेल तो बिचारा खुर्ची मागं सरकवायचा.

तिचं एक ठरलेलं वाक्य होतं. "तुमचा युजर सोफ्यावर बसलेला असतो, रे. माझा फरशीवर पडलेला असतो." आम्ही तिच्या मागं त्या वाक्याची नक्कल करायचो. मला ती नक्कल उत्तम जमायची आणि एकदा तिच्यासमोरच करून दाखवली, तेव्हा तिनं माझा आवाज अजून खालचा हवा म्हणून सुधारणाही सुचवली. त्यानंतर आम्ही दोघी रोज एकत्र जेवायला लागलो.

ऑफिसबाहेरही तिचा हात असाच चालायचा. एकदा संध्याकाळी बसस्टॉपवर एका माणसानं आमच्या हिशेब विभागातल्या मुलीच्या हातून फोन ओढला आणि पळाला. आम्ही 'अरे अरे' करेपर्यंत विदुला त्याच्या मागं धावली होती. पानाच्या टपरीपाशी तिनं त्याला गाठलं आणि जेवणाचा स्टीलचा डबा पिशवीसकट त्याच्या तोंडावर घातला. तो खाली पडल्यावरही ती थांबेना. त्याचं नाक फुटलं, ओठ फाटला, टपरीवाल्यानं मधे पडून तिला मागं ओढलं तेव्हा ती त्यालाही एक लाथ मारून मोकळी झाली. मला खरं सांगायचं तर फार बरं वाटलं होतं, आणि थोडी भीतीही वाटली होती.

मग तिचा फोन वाजला. नवऱ्याचा होता. मी शेजारीच उभी होते, म्हणून ऐकलं. "हो. नाही, ऑफिसचंच होतं. नाही, कुणाशी नाही बोलत. निघालेच." आवाज इतका बारीक की मी वळून बघितलं, की हे कोण बोलतंय. तिच्या ओढणीवर त्या चोराच्या रक्ताचे शिंतोडे उडाले होते. ती पुन्हा वर ऑफिसात गेली, बेसिनपाशी उभी राहून ओढणी घासघासून धुतली, आणि हात वाळवायच्या यंत्राखाली धरून कोरडी केली. मी म्हटलं, अगं, घरी जाऊन धू. डाग घेऊन घरी गेले तर कशाचा आहे हे विचारतील, असं काहीसं ती पुटपुटली आणि पुन्हा घासत राहिली.

नवरा बँकेत अधिकारी, बोरिवलीच्या सोसायटीचा सेक्रेटरी. मी त्याला एकदाच भेटले होते, ऑफिसच्या स्नेहसंमेलनात. मृदू बोलणारा, दोन्ही हात जोडून नमस्कार करणारा. तिच्या प्लेटमध्ये त्यानं स्वतः वाढलं होतं आणि ती तेवढंच जेवली होती.

पुढं आमच्याकडे एका अॅपचं काम आलं. घरात मार खाणाऱ्या बायकांसाठी काम करणारी एक संस्था होती, तिला बायकांच्या फोनवर एक लपलेली हाक हवी होती. बाहेरून बघितलं तर पोरांचा स्वयंपाकाचा खेळ, मिरच्या निवडायच्या, पोळ्या उलटायच्या. पण कोपऱ्यातलं लिंबू ओढून लोणच्याच्या बरणीत टाकलं की ठरवलेल्या माणसांना आणि संस्थेला पत्त्यासह निरोप जाणार. नुसत्या टिचकीवर ठेवलं असतं तर पोरंटोरं दिवसभर हाका पाठवत बसली असती, म्हणून ओढण्यावर ठेवलं. ते ओढणं माझ्याकडे आलं आणि तपासायला अर्थातच विदुला.

मी सगळं रीतसर केलं. लिंबू अर्ध्यावर सुटलं तर ते टुणकन आपल्या जागी परत जायचं आणि काहीच घडायचं नाही. जगातली सगळी अॅप असंच करतात. विदुलानं ते एकदा बघितलं आणि म्हणाली, परत जायला नको. अर्ध्यावर सुटलं तरी निरोप गेला पाहिजे.

अभिजितचं म्हणणं खोटं नव्हतं. खोट्या हाका जायला लागल्या की खऱ्या हाकेला कुणी धावत नाही, असं तो म्हणाला. बाईनं बोट उचललं म्हणजे तिनं विचार बदलला, तिच्या विचाराचा मान ठेवायला नको का, असंही त्यानं विचारलं. संस्थेच्या बाई समोर बसल्या होत्या, त्यांनीही मान हलवली. आपलं बोट कुणी चुकून कधी उचलतं का, दाखव, असं अभिजित म्हणाला, आणि विदुलानं घड्याळ काढलं.

तिनं मला मधे उभं केलं आणि लिंबू ओढायला सांगितलं. मी ओढायला लागले. मनगटावर फटका येणार म्हणून मी मनगट घट्ट धरलं होतं. तिनं माझे केस धरले. मुळापासून, मानेपाशी मूठ वळवून. दुसऱ्याच क्षणी तिचा गुडघा माझ्या गुडघ्यामागं बसला आणि मी फरशीवर आदळले. मला ओरडताही आलं नाही. ती माझ्यावर वाकून शांतपणे, शाळेत शिकवावं तसं सांगत होती. "आधी फोनला हात घालत नाहीत. आधी केस, मग पाय. मग मनगट पिरगाळायचं. मग बोटं उलगडायची, करंगळीपासून. अंगठा शेवटी, कारण जोर त्याच्यात असतो." आणि तिनं खरोखरच माझी बोटं तशी उलगडली, एकेक करून. अंगठा मागं वाकला तेव्हा मी किंचाळले. फोन तिच्या हातात गेला. तिनं तो टेबलावर ठेवला. लिंबू आपल्या जागी परत जाऊन बसलं होतं.

करंगळीपासून उलगडतात हे तिला कसं माहीत, हा प्रश्न सगळ्यांच्या चेहऱ्यावर होता आणि तो विचारायची कुणाची छाती नव्हती. अभिजितनं तिच्यापुढं पाण्याचा ग्लास सरकवला. तिनं तो मला दिला.

मग तिनंच तोडगा सुचवला. लिंबू जिथं सुटेल तिथंच पडून राहू दे. जरा वेळ थांबायचं. बाईला हाक मागं घ्यायची असेल तर तिनं स्वतः बोट लावून ते ओढत जागेवर नेऊन ठेवावं. नाही नेलं, तर निरोप जाणार. संस्थेच्या बाई लगेच हो म्हणाल्या. अभिजितनं, लोक गोंधळतील, असं एकदा सांगून बघितलं आणि सोडून दिलं. मला ते लिहिताना घाम फुटला, कारण फोनची मूळ सवयच सुटलेली वस्तू परत नेण्याची आणि ती मोडायची म्हणजे प्रत्येक पावलाला त्याच्याशी झगडा. मधेच कॉल आला तरी लिंबू जिथल्या तिथं राहिलं पाहिजे, फोन आपटला तरी राहिलं पाहिजे. विदुलानं त्या दिवसांत खणात बऱ्याच फोनची भर घातली.

अॅप बाहेर पडलं त्या दिवशी तिनं ते स्वतःच्या फोनवर घेतलं आणि निरोप जाण्यासाठी माझा नंबर टाकला. टेस्टिंगसाठी, म्हणाली. मी बरं म्हटलं आणि गप्प बसले. काही विचारलं असतं तर तिनं तो नंबर काढून टाकला असता, एवढी मी तिला ओळखत होते.

तो निरोप एका रविवारी भर दुपारी आला. मी कांदिवलीला माझ्या घरी बांगडे साफ करत बसले होते. पडद्यावर तिचं नाव आणि बोरिवलीचा पत्ता. मी हात न धुताच खाली पळाले आणि रिक्षात बसल्या बसल्या संस्थेला फोन लावला. त्यांना निरोप पोचला होता, पोलिसांना कळवलं होतं. सोसायटीच्या वॉचमनला हाताला धरूनच मी वर नेलं.

दार नवऱ्यानं उघडलं. आत टीव्हीवर मॅच मोठ्या आवाजात चालू होती. तिचा पाय घसरला, मॅडम, असं तो म्हणाला, त्याच मऊ आवाजात. मी त्याला ढकलून आत गेले. ती ओटा आणि फ्रिजच्या मधल्या जागेत कुशीवर पडली होती. उजवा हात कोपराखाली भलत्याच बाजूला वळलेला. एक डोळा सुजून बंद. डोक्यातून निघालेलं रक्त फरशीच्या सांध्यांतून मोरीकडे चाललं होतं आणि कुकरचं झाकण शेजारी पडलं होतं, त्याच्या कडेला तिचे आखूड केस चिकटले होते. सासू दारात उभी राहून, आमच्या घरात असलं काही होत नाही हो, असं पुन्हा पुन्हा सांगत होती. तो माझ्या मागून आला आणि माझ्या खांद्याला हात लावून म्हणाला, जरा ऐकून घ्या. मी वळले आणि त्याच्या कानाखाली अशी वाजवली की त्याचा चष्मा ओट्याखाली गेला. मग दुसरी, आणि मग मोजायच्या भानगडीत मी पडले नाही. वॉचमननं मला धरलं नाही, याबद्दल मी त्याची आजही आभारी आहे. पोलीस आले तेव्हा त्या माणसाच्या गालांना बांगड्यांचा वास येत होता.

विदुला वाचली. आता ती मुलुंडला तिच्या मावशीकडे राहते. खटला चालू आहे, आणि नवरा जामिनावर सुटून पुन्हा सगळ्यांना नमस्कार करत फिरतो. तिचा उजवा अंगठा पुरता वळत नाही, म्हणून तिनं तपासणीचं काम सोडलं. संस्थेत बायकांना ते अॅप शिकवायला जाते. ऑफिसात आता कुणी कुणाच्या मनगटावर मारत नाही, काम शांतपणे होतं आणि मला ते अजिबात आवडत नाही.

हॉस्पिटलात ती बोलायला लागली तेव्हा मी कशी आले, कोण आलं, तो कुठं आहे, यातलं तिनं काहीही विचारलं नाही. टाके घातलेल्या ओठांनी तिनं विचारलं, "किती लांब गेलं होतं लिंबू?"

मी ऑफिसातल्या नोंदीत ते बघून आले होते. बोटाच्या पेराएवढं, मी सांगितलं. बरणी तर दूरच राहिली होती. मला तिचा अभिमान वाटत होता आणि तो मी लपवला नाही. मी म्हटलं, अभिजितचं ऐकलं असतं तर ते परत जागेवर गेलं असतं. तुझंच खरं ठरलं. त्यानं हात पिरगाळला आणि तिथंच सुटलं, हो ना?

ती छताकडे बघत बोलायला लागली.

"नाही गं. तो तेव्हा बाहेरच्या खोलीत होता. एकदा मारून टीव्हीचा आवाज वाढवायला गेला होता. स्वयंपाकघरात मी एकटी होते. बोट मीच उचललं."

मला काही कळेना. ती सावकाश, मधे मधे थांबत बोलत होती.

"वाटलं, आज एवढ्यावरच थांबेल. नेहमी असंच वाटतं. नेहमी अर्ध्यावरून मीच मागं येते. म्हणून तर तुमच्याशी भांडले ना, की ते आपोआप परत जायला नको म्हणून."

मी विचारलं, मग ते केस, ते मनगट, करंगळीपासून उलगडणं, ते काय होतं.

"तेही खरंच होतं. पण ते चारचौघांत सांगता येतं. हे नाही सांगता येत."

नर्स सलाइन बघून गेली. विदुलानं चांगला डोळा माझ्याकडे वळवला.

"नंतर लिंबू तिथं मधेच पडलं होतं. परत नेऊन ठेवायला वेळ होता मला. भरपूर होता. त्याची पावलं ऐकू आली तरी मी नुसती बघत बसले लिंबाकडे. हात नाही लावला. माझ्याच्यानं एवढंच झालं."

तेवढं पुरलं, असं मला तिला सांगायचं होतं. पण रडू आवरेना, म्हणून तिचा डावा हात धरून मी तशीच बसून राहिले.