चौकटीतली सही

पेंटरचाचांनी मला वाचवलं, हे आधी लिहितो. कशातून, ते पुढे येईलच. धारूरच्या बाजारात चाचा दुकानांचे बोर्ड रंगवायचे, आणि रंगवताना शेवटचं अक्षर आधी काढायचे. "जागा कावून कमी पडती? लोक शेवट ठरवत न्हाईत म्हनून," असं म्हणायचे.

मी चकलांब्याचा, आठवीतून शाळा सोडलेला. चोविसाव्या वर्षी त्यांच्याकडे कामाला लागलो. चित्र मोठं कसं करायचं ते त्यांनीच शिकवलं. मूळ चित्रावर चौकटी आखायच्या, पाटीवर तेवढ्याच, पण मोठ्या आखायच्या आणि एकेक भरत जायची. "आपली अक्कल चालवायची न्हाई बे. चौकटीत दिसंल ते उतरव."

मी तसंच केलं. मोबाइलवर एका चित्रकार बाईंचं चित्र सापडलं होतं. डोंगर उतरणाऱ्या शेळ्या, मागं डोक्यावर घोंगडी घेतलेली बाई. माझी आई अशीच शेळ्यांमागं असते. खोलीत लावायला म्हणून प्लायवूडवर उतरवलं. शेवटच्या चौकटीत त्या चित्रकार बाईंची सही होती. तीही उतरवली.

दुकानात वाळत ठेवलं होतं, तिथं एका ढाबेवाल्यानं ते पाहिलं. त्याच्या नव्या ढाब्याचे सगळे बोर्ड चाचा करणार होते. "असलेच चार दे," तो म्हणाला. चाचांना न विचारताच मी हो म्हणालो. त्यानं फोटो काढून ढाब्याच्या ऑनलाइन जाहिरातीत टाकला.

तिसऱ्या दिवशी बाईंचा फोन आला. ढाबेवाल्यानंच माझा नंबर दिला होता.

"माझी सही करून चित्रं विकता? मी पोलिसांत जातेय."

शेजारी बोर्ड रंगवणाऱ्या चाचांना मी बाईंचं बोलणं आणि ढाबेवाल्याची मागणी भरभर सांगितली. आईला हे कळलं तर, एवढंच डोक्यात. चाचांनी हातातला फोन काढून घेतला.

"बाई, मी ह्याचा उस्ताद बोलतोय. दिसंल ते उतरव, असं मीच शिकवलं. सही सोड, हे सांगायचं राह्यलं. गुन्हा माझ्या नावावर लिवा."

बाईंनी विचारलं, "किती विकलीत?"

"एकबी न्हाई. चार मागितलेत."

"कशावरून खरं मानू?"

"ऐका तुमीच." चाचांनी स्वतःच्या मोबाइलवरून ढाबेवाल्याला फोन लावला आणि स्पीकर चालू केला. "ती चित्रं होनार न्हाईत, शेठ."

"मग बोर्डबी दुसऱ्याकडून घेतो, चाचा."

"घ्या."

बाईंचा आवाज उतरला. "सही पुसा. मूळ चित्र माझं आहे असं लिहा आणि फोटो पाठवा. खोलीत लावायला हरकत नाही. पण आधी विचारायचं होतं, दादा."

फोन ठेवून चाचा माझ्याकडं वळले. "घरात बघायला उतरवलं, त्याचं येगळं. इकायला काढलंस तिथं बिघडलं. आन दुसऱ्याची सही घरात बी न्हाई बे!" मग पुढचा बोर्ड रंगवायला बसले. संध्याकाळी चहाचा कप पुढं सरकवला. "पी. पोलीस च्या घिऊन येत न्हाईत."

आता मी हैदराबादला भिंती रंगवतो. कुणी मोबाइल पुढं करून "असंच काढ" म्हटलं की मी ब्रश खाली ठेवतो. कुणाचं आहे, ते आधी विचारतो. दोन कामं त्यापायी गेलीही.

ढाब्याचं काम चाचांना परत मिळालं नाही. त्यांनी मला ते कधी ऐकवलं नाही. सगळा बाजार रंगवला, पण त्यांच्या स्वतःच्या दुकानावर बोर्ड नाही. सवडच झाली नाही म्हणे.

चाचा, एक दिवस सुट्टी काढून येतो. तुम्ही खुर्चीवर बसायचं, ब्रशला हात लावायचा नाही. तो बोर्ड मी रंगवणार.