युरियाच्या पोत्यावर ठाण मांडलं तेव्हा

आमच्या घरात मामाजींचा, म्हणजे माह्या सासऱ्यांचा, शब्द शेवटचा. माणूस देवासारखा, पण आभाळ भरून आलं की त्यांच्या अंगात येते. "पाऊस येऊन राह्यला, युरिया फेका!"

मागच्या साली तसंच केलं. वावरात आधीच चिखल, त्यात युरिया फेकला, वरून दोन दिवस पाऊस. कपाशीची पऱ्हाटी पिवळी ती पिवळीच राह्यली. अन् बांधाखालच्या नाल्यातलं गवत? हिरवंकच्च! आमचा युरिया गवतानं खाल्ला व माय! माह्या जिवाची नुसती आग झाली.

म्हणून औंदा मी तयारच होती. पोळ्याच्या आधी ढाणकीले खताच्या दुकानापुढं रांगेत उभं राहून एकच पोतं भेटलं. दुसऱ्याची आशा नाई. हे बी वाहून गेलं असतं तं पऱ्हाटी हातची गेली असती. अन् त्याच दिवशी आभाळ आलं! सारा गाव टोपले घेऊन वावरात धावला. मामाजी बी उठले.

मी सरळ जाऊन पोत्यावर बसली. डोक्यावर पदर, पण बसली!

"ऊठ व पोरी."

"नाई उठत. उतावळा नवरा अन् गुडघ्याले बाशिंग! मातीत पाणी मावून नाई राह्यलं. युरिया पाण्यासंग मुळाच्या खाली जाते, नाईतं नाल्यात. कोरड्यात टाकला तं हवेत उडते. वापसा येऊ द्या, माती ना चिखल ना कोरडी, भुरभुरीत होऊ द्या."

माहा नवरा खाली पाहून हसत होता. मामाजींनी संध्याकाळी माह्या हातचा चहा बी घेतला नाई. मले भेव वाटलं. आपलंच चुकलं तं?

पाऊस झाला, मंग ऊन पडलं. मी रोज मातीचा गोळा करून कमरेएवढ्यावरून खाली टाकू. चपटा झाला की थांबू. चौथ्या दिवशी गोळा पडला अन् भुगा झाला. वापसा! मी वावरातूनच ओरडली. अर्धं पोतं झाडाच्या बुडापाशी टाकलं, मागून डवरा फिरवून मातीआड केलं.

आठवड्याभरात पऱ्हाटी अशी तरारली की मी ओळीओळीतून पोरीवानी पळाली! बांधापलीकडच्यानं पावसात युरिया फेकला होता, त्याची मात्र पिवळीच होती. मामाजी दोन्ही वावरं पाहत उभे राह्यले.

पोळा झाला. पुन्हा आभाळ भरून आलं. मामाजी चुलीपाशी आले, हातात ओल्या मातीचा गोळा.

"पाह्य बरं पोरी, टाकाव का आज?"

मी दाबून पाह्यला. "परवा."

तेवढ्यात नवरा टोपलं घेऊन आला. मामाजी सरळ जाऊन उरलेल्या पोत्यावर बसले.