वडशात माझा गव्हर्नर

"बाई, तुमच्या गव्हर्नरवर नाटक बसवून राह्यलो. तालमीले या." माझ्या एका जुन्या पोस्टखाली वडशाच्या हमीदभाईंची ही कमेंट आली आणि मी नागपूरचं तिकीट काढलं. माझ्या लिखाणाचं एवढं कौतुक आजवर घरातही कुणी केलेलं नाही.

पोस्ट अमेरिकेतल्या एका गव्हर्नरच्या घराबद्दल होती. लेकीकडे गेले असताना पाहिलेलं ते लहानसं संग्रहालय. लाकूड गिरणीतला हा कामगार निवडणुका जिंकत राज्याचा प्रमुख झाला, जंगल वाचवायला त्याने आपल्याच गावची गिरणी बंद केली आणि पुढची निवडणूक हरला. शेवट मी असा केला होता: 'तो गावी परतला, तेव्हा त्याच्या दारात एकही माणूस आला नाही.'

नागपूरहून उमरेड, नागभीड, ब्रह्मपुरीमार्गे सकाळची एसटी धरलीत तर जेवायला वडशात पोचता. लॉज आधीच ठरवा. दिवाळीनंतर नाटकांचा हंगाम असतो आणि खोल्या कलाकारांनी अडवलेल्या असतात. स्टेशनजवळ भात आणि तलावातल्या मासळीचा रस्सा खाल्ला. तिखट कमी करा म्हणून सांगितलं होतं, पण त्याचा काही उपयोग झाला नाही.

हमीदभाई शिंपी आहेत. इथल्या नाटक कंपन्यांचे राजे आणि इन्स्पेक्टर त्यांच्याच मशीनवर शिवले जातात. स्वतः लिहिलेलं नाटक मात्र हे पहिलंच. कंपनीच्या मालकाने बजावलं होतं, आज एखाद्या गावाच्या मंडळाने आपल्याकडे प्रयोग ठरवला तर ठीक, नाहीतर गव्हर्नर बंद.

दुपारी तांदळाच्या गोदामात तालीम सुरू झाली. बघायला आरमोरीकडच्या एका गावाच्या मंडळाचे मारोतीभाऊ आले होते. मासेमारी करणारे, कमी बोलणारे.

"राज्यपाल निवडणूक काऊन लढते?" त्यांनी पहिल्याच प्रवेशात विचारलं.

"तिकडं लोकच निवडते, भाऊ," हमीदभाई म्हणाले. हे त्यांना पटलं.

इकडे गावात नाटक असलं की घरोघर लेकी-जावई आणि सोयरे जेवायला येतात. हमीदभाईंनी ही रीत थेट अमेरिकेत नेली होती. शेवटच्या प्रवेशात गव्हर्नरच्या गावात नाटक आहे, बायकोने वडे तळलेत, दार उघडं आहे आणि कुणीच येत नाही. मला आधी हसू आलं. मग तिने एकेक ताट झाकायला घेतलं आणि माझं हसू कुठल्या कुठे गेलं.

मारोतीभाऊ उठले. "हे नाई चालत. गिरणी बंद केली, तं भांडन होईल. पन नाटकाच्या दिवशी पावना नाई? आमच्या गावात लोक उठून जातीन."

"मी मनानं नाई लिवलं," हमीदभाई हट्टाला पेटले. "बाईनं सोता पाहून लिवलं. इचारा त्याह्यले."

सगळे माझ्याकडे वळले. संग्रहालयाच्या भिंतीवर फक्त एवढंच होतं, 'पराभवानंतर गावी परतले.' दाराची ओळ मी घरी चहा पिता पिता, पोस्टला बरा शेवट हवा म्हणून रचली होती. मला भयंकर लाज वाटली.

"कुणी आलं की नाही, मला माहीत नाही," मी म्हणाले. "ते मी मनाने लिहिलं."

हमीदभाईंनी कानावरची पेन्सिल काढली. "मंग मी बी मनानंच लिवतो."

नव्या प्रवेशात काम गेलेला गिरणी कामगार दारात येतो. "भांडाले आलो," म्हणतो. बायको पाट मांडते. "पयले जेव."

मारोतीभाऊंनी तिथेच नाटकाची तारीख पक्की केली.

दुसऱ्या दिवशी मार्कंड्याला गेले. वैनगंगेकाठची देवळं पाहायला निवांत अर्धा दिवस ठेवा. मी पाहिली, पण लक्ष सगळं गोदामात होतं.

घरी आल्यावर जुनी पोस्ट उघडली, शेवटची ओळ पुसली आणि लिहिलं: 'त्याच्या दारात कोण आलं, मला माहीत नाही.'

संध्याकाळी खाली हमीदभाईंची कमेंट होती. "बाई, नाटकाले या. लॉज नोका करू. आमच्या घरीच या."