शपथेआधी मुलुंडला

टोरांटोला माझ्या नागरिकत्वाच्या शपथेचा दिवस ठरला आणि मी लेकीला, शैलाला म्हटलं, "आधी मुलुंडला जाऊन येते." ऐंशीच्या दशकातली गोष्ट. हे गेल्यावर तिनंच मला इकडे आणलं होतं. मला नागरिक करायची तिला फार घाई. माझ्या काळजीनं, की तिची दोन मुलं सांभाळायला हक्काची बाई मिळते म्हणून, हे मला उमगत नव्हतं. शिवाय शपथ राणीच्या नावानं! तिच्या बापाचं राज्य घालवायला माझे सासरे तुरुंगात जाऊन आले होते. आणि शपथ घेतली की भारताचा पासपोर्ट संपला. मग परतायला जागा उरते का, हे स्वतः पाहायला हवं होतं. ह्यांच्या श्राद्धाची तिथीही जवळ आली होती.

जाणाऱ्यांना एक सांगते, बॅग जुनी न्या. मुंबईच्या विमानतळावर माझी नवीकोरी बॅग पाहून टॅक्सीवाल्यानं विचारलं, "फॉरेन से?"

"मुलुंडसे," मी म्हटलं आणि फाटकाबाहेर चालत जाऊन रिक्षा धरली. अंधेरीहून साकीनाका, असल्फा, घाटकोपर, मग कारखान्यांच्या भिंतींमधून सरळ मुलुंड. रिक्षावाल्याकडून दरांचं कार्ड आधीच मागून हातात ठेवावं. घाटकोपरला उतरून वडापाव खाल्ला. तिखटानं डोळ्यांत पाणी आलं. तिखटानंच आलं असं समजा.

मुलुंडच्या आमच्या दोन खोल्यांत धाकटा दीर वसंत आणि जाऊ सुनंदा राहत होती. दारावरची ह्यांच्या नावाची पाटी नव्हती.

"रंगाला काढलीय, वहिनी," वसंत म्हणाला. दाराला रंग लागून बरेच दिवस झाले असावेत.

सुनंदानं पाणी दिलं ते उकळून, पाहुण्यांच्या काचेच्या ग्लासात. "तुम्हाला आता इथलं सोसायचं नाही, ताई."

पहाटे नळ आला तशी मी सवयीनं उठून कळशी लावली. ती धावत आली. "राहू दे हो, मी भरते!" कळशी माझ्या हातातून जवळजवळ ओढलीच. माझं कपाट कुलूपबंद. किल्ली मागितली तर म्हणाली, "सापडत नाही बघा." मी आले कशाला, हे त्यांना कळत नव्हतं, आणि त्यांनी काय ठरवलंय, हे मला. एकमेकांना आग्रह करकरून वाढत होतो मात्र.

श्राद्धाला वडे, खीर, भोपळ्याची भाजी, आमसुलाची चटणी. वसंतनं पान गच्चीच्या कठड्यावर ठेवलं. कावळे समोरच्या टाकीवर बसलेले, पण एकही येईना. कावळा घासाला शिवला नाही, तर गेलेल्याची इच्छा राहिलीय असं आमच्याकडे मानतात. मग घरचे एकेक वचन देत सुटतात. मी पुस्तकं वाचून वाचून असल्या गोष्टींतून बाहेर आलेली. तरी ऊन चढलं तसा माझाही जीव वरखाली व्हायला लागला.

वसंत हात जोडून म्हणाला, "दादा, वहिनींना तिकडे काही कमी पडणार नाही. त्यांची काळजी सोड."

कावळा ढिम्म.

"भाऊजी, ताई तिकडेच सुखात राहतील," सुनंदा म्हणाली.

"मला तिकडे पाठवायचं वचन कावळ्याला का देताय?" मी म्हटलं. "मला सांगा की."

"मग तुम्ही आलात कशाला ते सांगा ना आधी!" सुनंदा भडकली. "खोल्या विकायला? आम्ही पोरं घेऊन रस्त्यावर जायचं?"

"वहिनी, ही दादाची जागा आहे, मी विकू देणार नाही!" वसंत.

"विकायला कोण आलंय? मी शपथ घेणार आहे. लेकीकडेच राहीन. पण इथली एक खोली माझी राहील, आणि पाटी आजच्या आज लागेल!"

तिघं एकदमच ओरडत होतो. पानावर फडफड झाली. बघतो तो कावळा वडा उचलून गेलेला.

"माझं ऐकलं दादानं," वसंत म्हणाला.

"काहीतरीच! मी बोलत होते तेव्हा आला," सुनंदा म्हणाली.

जिना उतरेपर्यंत दोघांचं तेच चाललं होतं. माझं ऐकून आला, असं मलाही वाटत होतंच. जेवताना तिनं मला साध्या पेल्यात माठातलं पाणी दिलं. संध्याकाळी वसंतनं पाटी ठोकली. कपाटाची किल्ली मात्र मी निघेपर्यंत सापडली नाही.

टोरांटोला परतले आणि शपथ घेतली. इथली घरं, बर्फ, लेकीचा संसार, सगळ्याची हळूहळू सवय झाली. शैलाला मी सांगून टाकलं की मुलं सांभाळीन, पण शनिवारी नाही, शनिवारी मी वाचनालयात. ती हसली आणि कबूलही झाली. मुलुंडला माझं काही उरलंय की त्यांनी मला गोड बोलून लावून दिलं, हे अजून नक्की सांगता येत नाही. दर खेपेला जाऊन बघते.

शपथेनंतर न्यायाधीशांनी माझा हात हातात घेतला आणि ते म्हणाले, "आपल्या घरी स्वागत आहे." हे कुणाला म्हणतायत ते पाहायला मी मागे वळले.