गुणवंताचा मनोरा

कुडव्याच्या मनिरामनं तीस वर्षं गोंदियात लग्नाचे मांडव आणि सभांचे मंच उभे केले. हाताखाली दहा-बारा माणसं असायची. फुलचूरचा गुणवंताही त्यांतलाच. सहा वर्षांपूर्वी त्यानं स्वतःचं काम सुरू केलं. शहरातल्या महोत्सवासाठी महिनाभरापुरता पाच मजली लाकडी मनोरा बांधायचा ठरला आणि ते काम गुणवंताला मिळालं, त्या दिवशी मनिरामला जेवण गेलं नाही.

मनोरा उभा राहिला. वर चढून लोक राइस मिलच्या चिमण्या, रेल्वेचे रूळ, आपापल्या घरांची छपरं शोधायचे. मनिराम रोज स्कूटरनं जायचा आणि खालीच उभा राहून सांध्यांमध्ये खोट शोधायचा. सापडायची नाही.

बायको वच्छला बहिणीला घेऊन वर जाऊन आली. "अवो, आपलं घर दिसते तिथून! तुमी काऊन नाई चढत?"

"मले पडून मराचं नाई."

दुसऱ्या दिवशी त्यानं आयोजकांकडे तक्रार केली, "मनोरा हालून राहिला, माणसं मरतीन." खरं तर त्यानं काहीच हलताना पाहिलं नव्हतं. चढणं बंद झालं. इंजिनिअर आला, मजल्यामजल्यावर वाळूची पोती रचून बघितली आणि संध्याकाळी पाटी लागली: तपासलेला, सुरक्षित. रांग दुप्पट झाली. तक्रार कोणाची, हे गुणवंताला कळलं.

तरी महोत्सव संपला तसा तोच मनिरामच्या दारात आला. "मनोरा वरून उतरवा लागते. एवढ्या उंचावर हात न कापणारा तूच हायेस. येतोस काय?"

मनिराम लगेच निघाला. मोडायचाच आहे, तर आपल्या हातानं मोडावा.

पहिल्यांदाच तो वर चढला. शहराकडे बघितलंही नाही. सर्वांत वरच्या सांध्याची पाचर काढली, तर आत तिरपी दुहेरी खाच; वजन पडेल तसतसा सांधा घट्ट करणारी. अशी खाच त्यानं आयुष्यात केली नव्हती. बोटानं तो ती चाचपत राहिला.

"हे कोणापासून शिकला?" त्यानं खालच्या मजल्यावरच्या गुणवंताला विचारलं. आपलं नाव येईल, अशी उगाच आशा वाटली.

"कोणापासून नाई. मीच शोधलो."

गुणवंता पाणी प्यायला उतरला, तेव्हा मनिरामनं खिशातल्या बिडीच्या बंडलाच्या कागदावर घाईघाईनं त्या खाचेचं माप उतरवून घेतलं.